फ्रीजभोवतीची चार बोटे

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या स्वयंपाकघरातल्या उभ्या कपाटात ठेवलेला गूळ पाघळला. उन्हाळ्यात गूळ पाघळण्यात नवल काही नाही, हे मलाही कळते. परंतु त्याच ढेपेतला निम्मा गूळ मी डाव्या कडेच्या बरणीत भरला होता आणि तो जसाच्या तसा घट्ट होता, तर उजव्या कडेच्या स्टीलच्या डब्यातल्या गुळाची तळाशी काकवी झाली होती. डबा उचलला तेव्हा तो कोमट लागला. मग मी कपाटाच्या उजव्या अंगाच्या प्लायवर तळहात टेकवला. पोळ्या भरून झाकण लावलेला डबा बाहेरून जितका ऊन लागतो, तितका तो प्लाय ऊन लागत होता. आणि त्याच्या पलीकडे, पोस्टकार्ड सरकेल न सरकेल इतक्या अंतरावर, जानेवारीत घेतलेला आमचा नवा फ्रीज उभा होता.

ही चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. दुकानदाराने मला काही चुकीचे सांगितले नव्हते आणि फ्रीजमध्येही काही दोष नव्हता. तीस वर्षे बँकेत आकडे तपासण्यात घालवलेल्या बाईने स्वतःच्या घरातला एक आकडा धड तपासला नाही, एवढेच घडले होते.

आमची इमारत पुण्यात कोथरूडला, १९९४ सालची. स्वयंपाकघर आठ फूट बाय साडेआठ फूट. २००५ साली आम्ही ओट्याखाली ट्रॉल्या करून घेतल्या, तेव्हाच उजव्या कोपऱ्यात फ्रीजसाठी एक कोनाडा करवून घेतला. त्याच्या उजवीकडे खोलीची भिंत, डावीकडे उभे कपाट आणि डोक्यावर, माळ्याच्या स्लॅबला टेकलेला, पाहुण्यांची भांडी ठेवायचा बंद खण. त्या वेळचा फ्रीज १६५ लिटरचा, एका दाराचा होता. त्याची रुंदी ५३ सेंटिमीटर आणि कोनाडा २४ इंच, म्हणजे जवळजवळ ६१ सेंटिमीटर, त्यामुळे दोन्ही अंगांना चार-चार सेंटिमीटर मोकळे राहत होते. स्टँडवर ठेवूनही त्याच्या डोक्यावर जवळपास दीड फूट हवाच हवा होती. तो फ्रीज एकोणीस वर्षे चालला. एवढी वर्षे तो टिकला याचे श्रेय मी नेहमी त्याच्या घडणीला देत आले, कोनाड्याला कधी दिले नाही.

नवा फ्रीज घ्यायचे ठरले तेव्हा मी शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि कोनाडा कमरेच्या उंचीवर एकदा मोजला. रुंदी २४ इंच भरली. उंची खणाच्या तळापर्यंत पाच फूट आठ इंच, म्हणजे १७२ सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त. दुकानात पसंत पडलेल्या दोन दारांच्या फ्रीजच्या माहितीपत्रकात रुंदी ६०, उंची १६८ आणि खोली ६६ सेंटिमीटर लिहिलेली होती. साठ हे एकसष्टात बसतात, यात विचार करण्यासारखे काय आहे, असे मला वाटले आणि मी पैसे भरून मोकळी झाले.

ज्या टेपने मी हे माप घेतले, त्याच टेपने आयुष्यभर कपडे बेतले आहेत, याची आता मला गंमत वाटते. शिंपी छाती ३८ इंच मोजतो आणि सदरा ४२ इंचांचा बेततो. ते चार इंच वाया गेले असे कोणी म्हणत नाही, कारण त्यांच्याशिवाय हात हलणार नाहीत. ब्लाउज अंगासरशी बेततात, फ्रीजचा कोनाडा मात्र सदऱ्यासारखा बेतायचा असतो. माहितीपत्रकातला आकडा यंत्राच्या अंगाचा असतो. त्याला लागणाऱ्या जागेचा आकडा वेगळा असतो आणि तो बहुधा खोक्यातून निघणाऱ्या पुस्तिकेत, एका लहानशा आकृतीत छापलेला असतो. ती पुस्तिका आपल्या हाती पैसे भरल्यानंतर पडते, ही माझी खरी तक्रार आहे.

फ्रीज घरी आला त्या दिवशी पहिला अडथळा अगदी पायाशी निघाला. भिंतीच्या तळाशी स्कर्टिंगची फरशी बसवलेली असते आणि ती भिंतीच्या पुढे चांगली चार सूत येते. (ज्यांचा सुतारांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी: आठ सुतांचा एक इंच.) मी माप कमरेच्या उंचीवर घेतल्यामुळे ही फरशी माझ्या हिशेबात आलीच नव्हती. फ्रीज घेऊन आलेल्या दोन मुलांपैकी एकाने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, “काकू, खाली अडतंय.” यजमानांनी छिन्नी-हातोडी काढली, स्कर्टिंगचे तीन तुकडे उडवले आणि खोलीभर धूळ झाली. त्यानंतर फ्रीज आत गेला, पण वरच्या टोकाला कपाटाच्या सनमायक्यावर एक लांब ओरखडा काढत गेला. फ्रीजसोबत घेतलेले स्टँड परत पाठवावे लागले, कारण त्याची उंची धरली तर फ्रीज खणाखाली मावतच नव्हता. प्लगचा सॉकेट नेमका पाठीमागे असल्याने फ्रीज भिंतीपासून पाच सेंटिमीटर पुढेच थांबला आणि कपाटाच्या रेषेच्या तितकाच बाहेर आला. त्याचे मला तेव्हा फार वाईट वाटले. पुढे कळले, की त्या संपूर्ण कोनाड्यात फ्रीजला श्वास घ्यायला जी काही जागा होती, ती त्या प्लगच्या कृपेने होती.

पहिल्या आठवड्यातच दाराचा त्रास सुरू झाला. फ्रीजच्या बिजागऱ्या उजवीकडे आणि उजवीकडेच भिंत. दार उघडले की त्याची मूठ भिंतीला लागायची आणि दार काटकोनाच्या थोडे अलीकडेच थांबायचे. आता दार जवळजवळ पूर्ण उघडले असे पाहणाऱ्याला वाटते. पण दाराच्या आतल्या बाजूला बाटल्या आणि अंडी ठेवायचे कप्पे असतात आणि दार काटकोनात आले नाही, तर ते कप्पे आतल्या ट्रेच्या वाटेत राहतात. आमचा भाजीचा ट्रे निम्मा बाहेर येऊन अडायचा. मेथीची जुडी काढायची तर हात कोपरापर्यंत आत घालून चाचपडावे लागे आणि तळाशी राहिलेली काकडी सापडायची ती पार मऊ झाल्यावर. भूमितीचा हिशेब साधा आहे: आमची मूठ दाराच्या पुढे साडेचार सेंटिमीटर येते, ती बिजागरीपासून सुमारे ५५ सेंटिमीटरवर आहे आणि फ्रीज व भिंत यांच्यात काही मिलिमीटरच होते; एवढ्यावर दार ८५ अंशांपलीकडे जाणे शक्यच नव्हते. भिंतीच्या कडेला फ्रीज ठेवायचा असेल, तर बिजागरीच्या बाजूला निदान मुठीच्या जाडीपेक्षा जास्त जागा सोडली पाहिजे. काही फ्रीजची दारे उलटी, म्हणजे बिजागऱ्या डावीकडे घेऊन, बसवता येतात. आमचे बसवता येत नाही, आणि हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारायचा असतो.

गूळ पाघळला तेव्हा हा दाराचा त्रास मी अंगवळणी पाडून घेतला होता. पण गरम प्लाय पाहिल्यावर मी दुपारी ओट्याशी स्टूल घेऊन बसले आणि कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत राहिले. तासाभरात तो एकदाही थांबला नाही. इथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हल्लीचे इन्व्हर्टर कॉम्प्रेसर मंद गतीने बराच काळ चालतच राहतात, त्यामुळे सतत चालणे हे प्रत्येक फ्रीजच्या बाबतीत आजाराचे लक्षण नव्हे. आमचा तसा नाही; त्याने थांबत-थांबत चालायला हवे होते.

कंपनीचा मेकॅनिक आला. त्याने फ्रीजच्या दोन्ही बाजूंच्या फटींत विजेरीचा झोत टाकला, पत्र्याला हात लावला, वरच्या खणाच्या तळाला हात लावला आणि म्हणाला, “काकू, तुम्ही फ्रीजचं नाक दाबून ठेवलंय.” मी त्याला बाजूचा पत्रा गरम होतो हे तक्रारीच्या सुरात सांगितले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, की गरम होणे बरोबरच आहे, ती उष्णता तिथून निघून जात नाही, ही अडचण आहे.

हे त्याचे वाक्य समजायला फ्रीज काय करतो ते थोडे आठवावे लागते. फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. आत ठेवलेल्या दुधातली, भाजीतली, कालच्या आमटीतली उष्णता तो उचलतो आणि बाहेर आणून टाकतो. आणि या उचलाउचलीसाठी जी वीज खर्च होते, तिचीही शेवटी उष्णताच होऊन तीही बाहेरच पडते. म्हणूनच फ्रीजचे दार उघडे टाकून खोली गार होत नाही, उलट थोडी तापते. ही सगळी उष्णता ज्या नळीतून बाहेर पडते, ती कंडेन्सरची नळी. जुन्या फ्रीजच्या पाठीला ती काळ्या जाळीच्या रूपाने उघडी दिसायची. माझ्या माहेरी फ्रीज स्वयंपाकघरात नव्हताच. तो माजघरात, भिंतीपासून हातभर पुढे, विणलेला रुमाल पांघरून एखाद्या मानकऱ्यासारखा उभा असे. आई पावसाळ्यात त्या जाळीवर ओली फडकी वाळत घालायची आणि थंडीत विरजण लावलेले पातेले फ्रीजच्या माथ्यावर ठेवायची. फडकी वाळवणे फ्रीजच्या हिताचे नव्हते, हे आज कळते. पण फ्रीज मागून गरम असतो आणि ती ऊब वर चढते, हे तिला पुस्तिका न वाचता ठाऊक होते.

पुढच्या पिढीच्या अनेक फ्रीजमध्ये ही जाळी दिसेनाशी झाली. नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आतून फिरवली गेली, पाठ सपाट झाली, आणि आपण असा समज करून घेतला, की आता फ्रीज भिंतीला आणि कपाटाला चिकटवून ठेवता येतो. प्रत्यक्षात घडले ते उलटे. पूर्वी फक्त पाठीला मोकळीक हवी होती, आता ती बाजूंनाही हवी झाली. आमच्या कोनाड्यात डाव्या बाजूच्या पत्र्यातून निघालेली उष्णता सरळ प्लायला आणि प्लायमधून माझ्या गुळाला मिळत होती.

तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी खालून गार हवा येते, आणि हा प्रवाह चालू राहिला तरच नळीतली उष्णता निघते. त्यासाठी खाली हवा शिरायला वाट हवी, वर निघायला वाट हवी आणि मधला रस्ता मोकळा हवा. आमच्याकडे खालून हवा शिरत होती, प्लगमुळे पाठीमागे पाच सेंटिमीटरचा रस्ताही होता. पण वर पोहोचल्यावर ती हवा खणाच्या तळाला आपटत होती. तिला बाहेर पडायचे तर साडेचार सेंटिमीटरच्या सपाट फटीतून दोन फूट आडवे सरपटत पुढे यायचे होते. आडवे सरपटणे हा गरम हवेचा स्वभाव नाही. ती तिथेच साचून राहत होती आणि फ्रीज स्वतःच टाकलेल्या उष्णतेत उभा राहून पुन्हा उष्णता टाकत होता.

मेकॅनिकने एक फार चांगली गोष्ट केली. त्याने कसलाही सुटा भाग बदलायला सांगितले नाही. फ्रीज दोन फूट पुढे ओढून स्वयंपाकघराच्या मधोमध उभा केला आणि दोन दिवस तसाच ठेवा म्हणाला. ते दोन दिवस आम्ही ओट्याकडे तिरके होऊन ये-जा केली. दुसऱ्या दिवशी दुपारी, तशाच उन्हात, कॉम्प्रेसर वीस-पंचवीस मिनिटे चालून तितकाच वेळ गप्प बसू लागला. आणखी कोणत्याही पुराव्याची गरज उरली नाही.

मग मी पुस्तिका काढून वाचली. आमच्या फ्रीजसाठी बाजूंना पाच-पाच, मागे पाच आणि वर दहा सेंटिमीटर मोकळे ठेवावे, असे तिच्यात स्वच्छ लिहिले होते. हे आकडे सर्वांना लागू करू नयेत. शेजारणीच्या पुस्तिकेत वर तीस सेंटिमीटर सांगितले आहेत, भाच्याच्या दोन उभ्या दारांच्या फ्रीजला बाजूंना त्याहून कमी चालते. कंडेन्सर कुठे आहे आणि हवा पंख्याने फिरते की आपोआप, यावर ते ठरते. म्हणून आपल्या मॉडेलची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून आधी उतरवून घ्यावी आणि तिच्यातली आकृती सुताराच्या हातात द्यावी. पुस्तिका सापडलीच नाही, तर बाजूंना आणि मागे चार बोटे आणि वर वीतभर जागा सोडणारा माणूस सहसा फसत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी ‘टी’ हे एक अक्षर होते, त्याचाही अर्थ मी शोधला. फ्रीज किती तापमानाच्या खोलीत नीट चालेल याचे वर्ग असतात. ‘एन’ वर्गाचा फ्रीज १६ ते ३२ अंश सेल्सिअस, ‘एसटी’ ३८ अंशांपर्यंत आणि ‘टी’, म्हणजे उष्ण कटिबंधाचा, ४३ अंशांपर्यंत. ४३ वाचून मी निश्चिंत झाले असते, कारण पुण्यात पारा तिथवर क्वचितच पोहोचतो. पण हे तापमान फ्रीजच्या अंगालगतच्या हवेला लागू आहे, वेधशाळेच्या आकड्याला नव्हे. बाहेर चाळीस, ओट्यावर दोन शेगड्या पेटलेल्या आणि फ्रीज बंद कोनाड्यात, अशा वेळी त्या फटीतली हवा किती तापली असेल याचा अंदाज कोणीही करावा.

आजकाल चकाचक स्वयंपाकघरांच्या छायाचित्रांत फ्रीज कपाटांच्या रांगेत अगदी बेमालूम मिसळलेला दिसतो आणि मुली-सुना सुताराला तेच चित्र दाखवतात. त्यातले काही फ्रीज कपाटात बसवण्यासाठीच घडवलेले असतात. त्यांच्या कपाटाला तळाच्या पट्टीत जाळी ठेवून हवा आत घेतात, फ्रीजच्या पाठीमागून ती वर नेतात आणि कपाटाच्या माथ्यावरून सोडतात. अशा पुष्कळ फ्रीजच्या पुस्तिकांत ही वाट निदान २०० चौरस सेंटिमीटरची असावी असे लिहिलेले असते. साठ सेंटिमीटर रुंदीच्या कपाटात याचा अर्थ साधारण साडेतीन सेंटिमीटरची सलग, कुठेही न बुजलेली फट. म्हणजे जो फ्रीज चारी बाजूंनी बंद दिसतो, त्याच्याही मागे एक धुराडे लपलेले असते. साधा सुटा फ्रीज घेऊन त्याभोवती धुराड्याशिवाय कपाट उभे करणे म्हणजे ते छायाचित्र अर्धेच पाहणे होय.

वायुवीजनाची वाट बुजवू नये, असे पुस्तिकांत आणखी एका कारणासाठी बजावलेले असते. हल्लीच्या घरगुती फ्रीजच्या नळीत उष्णता वाहून नेणारा वायू बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो आणि तो ज्वालाग्राही आहे. त्याचे प्रमाण काही दशक ग्रॅमच असते, घाबरण्यासारखे त्यात काही नाही. तरी गळती झालीच तर तो बंद खोपच्यात साचण्यापेक्षा मोकळ्या खोलीत विरून गेलेला बरा.

सुतार आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. माझी शिवणाची टेप पाहून ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी पोलादी टेपने कोनाडा तीन उंचींवर मोजला आणि कानावरची पेन्सिल काढून आकडे भिंतीवरच लिहिले: खाली, स्कर्टिंग उडवलेल्या जागी, २४ इंच १ सूत, मध्ये २४ इंच, वर २३ इंच ६ सूत. मग ओळंबा सोडून दाखवला. भिंत वर येताना आत झुकत होती. जुन्या इमारतींत गिलाव्याची जाडी वर-खाली एकसारखी नसते आणि डोळ्यांना ते जाणवत नाही. २३ इंच ६ सूत म्हणजे ६० सेंटिमीटर आणि ३ मिलिमीटर. याचा अर्थ माझ्या साठ सेंटिमीटरच्या फ्रीजला वरच्या टोकाशी दोन्ही बाजू मिळून तीन मिलिमीटर मिळाले होते. तीन मापांतले सर्वांत लहान तेच खरे माप धरायचे, असे ते म्हणाले. फ्रीजची खोलीही त्यांनी अशीच तीनदा मोजली: नुसत्या अंगाची, मुठीसह, आणि दार उघडल्यावर ते समोर किती येते ती. या तिसऱ्या मापाने ओट्यासमोर उभ्या माणसाला मागे सरकायला जागा उरते की नाही हे कळते.

चार इंच कुठून काढायचे यावर थोडी घासाघीस झाली. भिंत सरकणार नव्हती, तेव्हा अठरा इंचांचे उभे कपाट चौदा इंचांचे करायचे ठरले. “ताई, पिठाचा मोठा डबा मग यात बसणार नाही,” त्यांनी आधीच सांगितले. मी हो म्हटले. त्यांनी कपाटाची उजवी बाजू सोडवली, फळ्या चार-चार इंचांनी कापल्या, दाराचा पल्ला कापून नवी पट्टी चिकटवली. वरचा खण तळाकडून आठ इंच छाटला, त्यामुळे फ्रीजच्या माथ्यावर पंचवीस सेंटिमीटरची, समोरून उघडी जागा झाली आणि परत पाठवलेले स्टँडही पुन्हा आणता आले. इलेक्ट्रिशियनने सॉकेट पाठीमागून काढून ओट्याच्या वर, हाताशी येईल असा बसवला. आता पाठीमागे प्लग नसल्याने कोणीतरी उत्साहाने फ्रीज भिंतीपर्यंत ढकलणार, हे ओळखून सुतारांनी भिंतीच्या तळाशी दोन इंच जाडीचे दोन लाकडी ठोकळे ठोकून दिले. फ्रीजचे स्टँड त्यांना टेकले की थांबते. इतकी साधी आणि इतकी उपयोगी युक्ती मी कोणत्याही पुस्तिकेत पाहिली नाही.

फ्रीज मधोमध ठेवायचा माझा आग्रह त्यांनी मोडून काढला. मिळालेल्या साडेदहा सेंटिमीटरपैकी सात बिजागरीकडे आणि साडेतीन कपाटाकडे, अशी वाटणी त्यांनी केली. कपाटाकडे पुस्तिकेपेक्षा दीड सेंटिमीटर कमी पडतात हे मी दाखवले. त्यावर, आता वर मोकळे आहे, तिकडून निघेल, असे त्यांचे म्हणणे. दार आता काटकोनाच्या किंचित पलीकडे जाते आणि भाजीचा ट्रे सरळ बाहेर येतो. धुण्यासाठी पूर्ण काढायचा असेल, तर अजूनही थोडा तिरका करावा लागतो.

काम झाल्यावर घरात एक नवा वाद सुरू झाला. यजमानांना त्या फटी डोळ्यांत खुपू लागल्या. दोन्ही बाजूंना समोरून सनमायक्याची पट्टी मारून घेतली तर किती सुबक दिसेल, असे त्यांनी सुचवले, आणि ज्या हवेसाठी कपाट कापले तीच बाहेरून बंद करण्याचा हा विचार आहे, हे मला त्यांना दोनदा समजावावे लागले. सासूबाईंनी प्रेमाने आणलेले फ्रीजचे कव्हर, ज्याचे खिसे दोन्ही बाजूंना लोंबतात आणि ज्यांत आपण चमचे, पावत्या आणि औषधांच्या पट्ट्या कोंबतो, तेही मी घडी घालून ठेवून दिले. बाजूच्या गरम पत्र्यावर ते गोधडीचे काम करते, आणि औषधांसाठी तर ती जागा मुळीच योग्य नाही. मोकळी फट दिसली की घरातल्या माणसांचे हात शिवशिवतात. पहिल्या महिन्यात मी त्या सात सेंटिमीटरांतून एक पोळपाट, एक घडीची शिडी आणि रद्दीचा गठ्ठा बाहेर काढला.

पाठीमागे हात पोहोचतो याचा एक फायदा माझ्या आधी लक्षात आला नव्हता. फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या वर, वितळलेल्या बर्फाचे पाणी साचायचा एक ट्रे असतो आणि कॉम्प्रेसरच्या उबेने ते पाणी उडून जाते. मात्र ते नेहमीच संपूर्ण उडत नाही, आणि अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. पावसाळ्यात महापालिकेचे आरोग्य कर्मचारी घरोघर येतात तेव्हा कुंड्यांच्या बशांबरोबर फ्रीजचा ट्रेही पाहायला मागतात. मागच्या वर्षी त्यांनी विचारले तेव्हा मी फ्रीज एकटीने पुढे ओढला. जानेवारीत ज्या फ्रीजला आत घालायला चार माणसे आणि एक छिन्नी लागली होती, तो चाकांच्या स्टँडवर सुरळीत बाहेर आला.

वीजबिलात किती फरक पडला, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. मी तो आकडा देत नाही, कारण काम झाले त्याच सुमारास पाऊस सुरू झाला, पंखे कमी चालले, आणि त्या बिलातली किती बचत कोनाड्याची आणि किती पावसाची, हे वेगळे काढण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते. कॉम्प्रेसर थांबतो हे मी ऐकते आणि प्लायला हात लावला तर तो खोलीइतकाच लागतो, एवढे मी खात्रीने सांगू शकते. यंदाच्या उन्हाळ्यात गूळही शाबूत राहिला.

पिठाचा मोठा डबा मात्र सुतार म्हणाले होते तसा कपाटात बसला नाही. तो आता जेवणाच्या टेबलाखाली असतो आणि पंगतीला बसणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी त्याला पाय लावतो.